भेंडीच्या ठशापासून ओढणीपर्यंत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं आणि ‘छंदातून व्यवसाय’ हा विषय दिला आहे. वेळ पाळेन, विषय मात्र थोडा बदलते. व्यवसाय म्हणावा एवढे पैसे मला यातून अजून मिळालेले नाहीत, आणि छंद म्हणावा तर पाठ आणि मनगट दोन्ही दुखतं. तेव्हा ठसे मारायला मी कशी शिकले ते सांगते. आणि त्यातच एक गोष्ट सांगायची आहे, जी तुमच्यापैकी अकरा जणींशी संबंधित आहे. ती ऐकल्याशिवाय कोणी जेवायला उठू नका.

सुरुवात अर्थातच शाळेत झाली. १९८५ साली आपल्याकडे नगरपरिषद झाली, त्याच वर्षी आपण सातवीत होतो. चित्रकलेच्या तासाला ‘ठसेकाम’ होतं. येताना भेंडी, बटाटा आणि जुनं ब्लेड आणायला सांगितलं होतं. मुलांनी अर्ध्या भेंड्या तासाआधीच कच्च्या खाल्ल्या, हे मॉनिटरला आठवत असेल, कारण त्यानेच सुरुवात केली होती. मी बटाट्यावर पान कोरलं होतं. चार ठसे छान आले, पाचवा अर्धाच उमटला. मी गुपचूप ब्रश घेतला आणि उरलेलं पान रंगवून टाकलं. बाईंनी कागद उजेडाकडे धरला आणि एका सेकंदात बोट त्याच पानावर ठेवलं. “ठसा आहे ना? मग ब्रश कशाला लावलास?” दहापैकी चार गुण. बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून सांगते असं नाही. पण ते चार गुण मला आजही आठवतात. पुढे एलिमेंटरीच्या परीक्षेत संकल्पचित्राला चांगला शेरा मिळाला, तो मात्र नीट आठवत नाही.

त्यानंतर मधली तीस वर्षं एका वाक्यात संपतात. बी.कॉम., लग्न, दोन मुलं, आणि भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात हिशेबाची नोकरी. नगरपरिषदेची २००२ साली महानगरपालिका झाली, मिठागरांच्या कडेला इमारती उभ्या राहिल्या, आणि मी व्हॅट सोडून जीएसटी शिकले.

२०१७ सालची गोष्ट. आमच्या कारखान्याच्या मागच्या गाळ्यातून दुपारी एक आवाज यायचा. पॉलिशच्या यंत्रांची घरघर सगळीकडे असते, हा आवाज वेगळा होता. ठप, मग थोडं थांबून पुन्हा ठप. एकदा डबा खाऊन झाल्यावर डोकावले. लांबलचक टेबलावर पांढरं कापड ताणलेलं, आणि साठीचे एक गृहस्थ उभ्याने लाकडी ठसे मारत पुढे सरकत होते. जयपूरजवळच्या गावातले छीपा. मुंबईतल्या व्यापाऱ्याचं काम घ्यायचे. भिंतीवर एक जुनी तसबीर होती. जवळ जाऊन पाहिलं तर आपले नामदेव महाराज! मी विचारलं, हे इथे कसे? तर ते म्हणाले, हमारे तो यही हैं. राजस्थानातला छीपा समाज स्वतःला नामदेवांचा म्हणवतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आपल्याला शिंपी नामदेव ठाऊक, त्यांना छपाईवाल्यांचे नामदेव ठाऊक. आपल्याकडेही भावसार आणि रंगारी या नावांमागे हेच रंगाचं आणि छपाईचं काम आहे. मी पंढरपूरला चार वेळा जाऊन आले आहे म्हटल्यावर त्यांनी स्टूल पुसून दिलं. तेव्हापासून ते माझे छीपाकाका.

शिकवा म्हटलं तर हसले. दर रविवारी सकाळी यायचं ठरलं. पहिले दोन महिने कापडाला हात लावू दिला नाही, फक्त रद्दी पेपर. मला वाटायचं, ठसा बुडवायचा आणि मारायचा, यात शिकायचं काय? शिकायचं आधी टेबल. कमरेच्या उंचीचं टेबल, त्यावर गोणपाटाचे थर, त्यावर जुनी सुती चादर. खालची गादी कडक असली तर ठशाच्या कडाच उमटतात आणि मधला भाग कोरा राहतो. जास्त मऊ असली तर रेघा फुगतात. त्यानंतर रंगाची पेटी. पेटीत डिंक मिसळलेला रंग, त्यावर बांबूची जाळी, जाळीवर लोकरी कापडाचा तुकडा आणि सगळ्यात वर मलमल. रंग खालून हळूहळू वर झिरपतो आणि ठशाला हवा तेवढाच लागतो. आपल्या रबरी शिक्क्याच्या पॅडचा हा थोरला भाऊ. माझी निम्मी चूक या पेटीतच व्हायची. रंग जास्त घेतला की बारीक रेघांमधली जागा बुजायची, कमी घेतला की ठसा कोड आल्यासारखा दिसायचा.

मग ठोका. डाव्या हाताने ठसा कापडावर टेकवायचा, आधीच्या ठशाच्या कोपऱ्याशी कोपरा जुळवायचा आणि उजव्या मुठीने वरून एकच ठोका द्यायचा. मी मनगटातून मारायचे. तिसऱ्या रविवारी मनगट सुजलं. काका म्हणाले, खांद्यातून येऊ दे, हात फक्त पोचवतो. पोळ्या लाटताना नवीन मुलगी नुसत्या हाताने लाटते आणि आपण अंगाचा भार देतो, तसंच. हे कळायला मला पावसाळा लागला.

एका नक्षीला एकच ठसा असतो असं मी समजत होते. फुलाच्या बाह्यरेषेचा ठसा वेगळा, त्याला ते रेख म्हणतात. आतला रंग भरायचा तो दत्ता, आणि मागची जमीन भरायची तो गद. तीन रंग म्हणजे तीन ठसे, आणि तिन्ही एकमेकांवर अचूक बसायला हवेत. मोठ्या ठशाला आरपार बारीक भोकं पाडलेली असतात, कारण ठोका मारताना आत हवा अडकली तर रंग टेकत नाही.

आता ‘जोड’ म्हणजे काय ते नीट ऐका, पुढे लागणार आहे. दोन ठसे शेजारी बसतात त्या जागेला जोड म्हणायचं. कितीही तरबेज हात असला तरी जोड कुठे केसभर उघडा राहतो, कुठे केसभर चढतो, आणि दर वेळी वेगळ्या जागी. ठशाचीच एखादी पाकळी तुटलेली असेल तर ती प्रत्येक ठशात तुटकीच येणार. ती लाकडाची चूक. जोडाची चूक हाताची, ती जागा बदलत राहते.

२०१८च्या डिसेंबरात मी माझा पहिला ठसा करून घ्यायला पेथापूरला गेले. गांधीनगरजवळचं हे गाव ठसे कोरणाऱ्यांचं म्हणून प्रसिद्ध आहे. बोरिवलीहून रात्रीची अहमदाबाद गाडी पकडली. नवऱ्याला वाटलं मी अंबाजीला चालले आहे. तिथे सागवानाचा ठोकळा घासून अगदी सपाट करतात, वर पांढरा लेप देतात, त्यावर नक्षी उतरवतात आणि छोट्या छिन्नीने नको तो भाग काढत जातात. माझी नक्षी कमळ-कोयरीची नव्हती. लहानपणापासून गाडीच्या खिडकीतून पाहिलेली आपली मिठागरं मी काढून नेली होती: चौकोनी वाफे, मधले बांध आणि बांधावर मिठाच्या पांढऱ्या राशी. कारागिराने कागद फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, हे फरसाणचं दुकान आहे का? पण कोरलं सुंदर. नवा ठसा तेलात दहा-पंधरा दिवस बुडवून ठेवायचा असतो, म्हणजे लाकूड रंगाच्या पाण्याने तडकत नाही. आमच्या घरी तो लोणच्याच्या बरणीत राहिला आणि सासूबाईंनी दोनदा झाकण उघडून बघितलं.

नैसर्गिक रंगांचा नादही याच काळात लागला. त्याची एक गंमत सांगते. काळा रंग करायला गूळ, पाणी आणि गंजकं लोखंड दोन-तीन आठवडे मडक्यात आंबवतात. म्हटलं, आपल्या कारखान्यात पत्र्याच्या कातरणीची कमी नाही. पिशवी भरून आणली. तीन आठवडे झाले तरी पाणी जसंच्या तसं! भांड्यांचा हिशेब लिहिणाऱ्या बाईला स्टेनलेस स्टील गंजत नाही हे आठवू नये! शेवटी भंगारवाल्याकडून गंजके खिळे आणले. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढायचं, ते पिवळट होतं. त्यावर हे लोखंडाचं पाणी चिंचोक्याच्या खळीत घट्ट करून छापलं की डोळ्यांदेखत काळं होतं. आपल्या सह्याद्रीतल्या हिरड्याची ही करामत. लाल रंगाची गोष्ट उलटी. तुरटीचा ठसा मारला तर जवळजवळ काहीच दिसत नाही; मग ते कापड मंजिष्ठेच्या किंवा अलिझरीनच्या पाण्यात उकळलं की जिथे तुरटी होती तिथे लाल चढतो. पहिल्यांदा तो वर येताना पाहिला तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले होते.

पण माझा लाल पुढे विटकरी, मळकट यायला लागला. काकांनी विचारलं, पाणी कुठलं? सोसायटीत टँकर आणि बोअरचं. पाण्यात लोह असेल तर तुरटीचा लाल काळवंडतो. कच्छमधल्या धमडका गावच्या अजरख छापणाऱ्या खत्री कुटुंबांवर हीच वेळ आली होती. २००१च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यातलं लोह वाढलं आणि बरीच कुटुंबं दुसरीकडे जाऊन अजरखपूर हे नवं गाव वसवून राहिली. पाण्यासाठी गाव बदलणारी माणसं ती. मी फक्त रंग बदलला. डिंकातले तयार पिगमेंट रंग वापरायला लागले. ते सुकल्यावर मागून कडक इस्त्री फिरवली की पक्के होतात.

आता अकरा जणींची गोष्ट.

२०१९च्या गणपतीनंतर आपल्या ग्रुपवर मी मिठागराच्या ओढणीचा फोटो टाकला. तुम्ही तो इतका फिरवला की दिवाळीच्या प्रदर्शनासाठी चौसष्ट ओढण्यांची मागणी आली. माझा ठसा पाच इंचांचा. अडीच मीटर ओढणीला लांबीत वीस, रुंदीत आठ, म्हणजे १६० ठसे. दोन रंग धरले तर ३२०. सुट्टीच्या दिवशी चार ओढण्या, तेही जेवण बाहेरून मागवलं तर. ऑक्टोबर उजाडला तेव्हा माझ्या सव्वीस झाल्या होत्या, आणि मनगटाला पट्टा होता.

उरलेल्या अडतीस मी स्क्रीनवर छापून घेतल्या. इथल्याच एका गाळ्यात. माझ्याच एका ओढणीचा फोटो काढून त्यांनी जाळी बनवली आणि दोन दिवसांत अडतीस नग दिले. प्रत्येक ओढणीला मी स्वतः शिवलेली चिठ्ठी होती: ‘हाताने ठसे मारून छापलेली’. ती चिठ्ठी मी सगळ्या चौसष्टांना लावली. स्क्रीन छापणाऱ्या मुलांचे हातही दिवसभर चालतात, त्यांचं काम खोटं नव्हतं. खोटी माझी चिठ्ठी होती.

किंमत सगळ्यांची ८५०. स्क्रीनची मला कापडासकट ३४०ला पडली. हिशेबनीस आहे, आकडा पाठ आहे: १९,३८० रुपये.

प्रदर्शनात आपल्यातलीच एक, तिसऱ्या बाकावरची, ओढणी उंच धरून आलेल्या बायकांना सांगत होती, “बघा, हाताचं काम ते हाताचं काम! असं जिवंत मशीनला येईल का?” तिच्या हातात स्क्रीनची होती. मी शेजारी उभी होते. मी हसले आणि सुट्टे पैसे मोजले.

त्या नोव्हेंबरात काकांनी माझ्या मोबाइलवर प्रदर्शनाचे फोटो पाहिले. एक फोटो मोठा करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, जोड हर बार एक ही जगह फिसलता है?” जाळी बनवताना माझ्या ओढणीतली हाताची चूकसुद्धा जशीच्या तशी उतरली होती, आणि जाळीच्या प्रत्येक लांबीला तीच चूक त्याच जागी येत होती. मी काहीच बोलले नाही. त्यांनीही पुढे विचारलं नाही. पुढच्या रविवारी गेले तर टेबलावर माझ्यासाठी कापड नव्हतं, रद्दी पेपर अंथरलेले होते. मी चार महिने रद्दीवर ठसे मारले. मग २०२०चा मार्च आला. टाळेबंदीत काका गावी गेले, पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झालं, ते परतले नाहीत. गाळा सोडताना त्यांनी टेबल मला दिलं. आमच्या वन बीएचकेमध्ये सध्या आम्ही त्यावरच जेवतो.

गेल्या वर्षी मी फोन करायला सुरुवात केली. अडतीसपैकी सत्तावीस बाहेरच्या गिऱ्हाईक होत्या. नऊ जणींनी नवी ओढणी करून घेतली, बारा जणी म्हणाल्या राहू दे, सहा जणींचे नंबर लागले नाहीत. उरलेल्या अकरा तुम्ही. तुमच्यापैकी एकीलाही फोन करायची माझी हिंमत झाली नाही. परक्या बाईला सांगणं सोपं जातं.

दोन महिन्यांपूर्वी स्मरणिकेच्या संपादक मंडळाने एक फोटो पाठवला आणि विचारलं, ‘आपल्या मैत्रिणीचं हस्तकौशल्य’ या मथळ्याखाली छापू का? फोटोत तिसऱ्या बाकावरचीच होती, त्याच ओढणीत. ब्रशने रंगवलेलं पान पुन्हा समोर आलं. आता ते शाळेच्याच स्मरणिकेत छापलं जाणार होतं, आणि बाईंच्या घरी एक प्रत जाणार होती. मी म्हटलं, फोटो जरूर छापा, मथळा बदला, आणि मला पंधरा मिनिटं द्या.

तुमची ओढणी कुठली ते घरी जाऊन अशी ओळखा. ती जमिनीवर पूर्ण पसरा. एक जोड उघडा दिसला की तशीच फट ठरावीक अंतरावर पुन्हा येते का ते बघा. येत असेल तर ती स्क्रीनची. प्रत्येक फट वेगळी असेल, कुठे रंग दाट आणि कुठे फिका असेल, तर ती माझ्या हाताची. फक्त एका पाकळीवर जाऊ नका. माझ्या ठशातली डावीकडची एक रास तुटकी आहे, ती दोन्हीकडे तुटकीच दिसेल.

थोडं कागदाबद्दल बोलून थांबते. या स्मरणिकेत प्रत्येकाला एक छापील पट्टी मिळेल, पुस्तकात खूण म्हणून ठेवायला. तिचा कागद पुण्याच्या हातकागद संस्थेचा आहे. ही संस्था १९४०पासूनची, आणि तिथे सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करतात. म्हणजे कापडाचाच पुनर्जन्म, पण ठशाशी वागणूक अगदी वेगळी. कापड रंग पितं, कागद तो वरच्यावर ठेवतो. म्हणून रंग निम्मा घ्यायचा, खाली गोणपाटाऐवजी वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या घालायच्या, आणि ठोका मारायचा नाही. तळव्याने दाबायचं आणि सरळ वर उचलायचं. तिरका उचलला तर कडेला सावली पडते. अडीचशे पट्ट्या मी छापल्या आहेत, त्यातल्या वीसेक फिक्या आहेत. त्या काढून टाकलेल्या नाहीत, ज्याच्या वाट्याला येतील त्याने घ्याव्यात.

मागच्या टेबलावर मिठागराचा ठसा, रंगाची पेटी आणि भेंडी ठेवली आहे. भेंडी आज सकाळीच बाजारातून आणली, देठाकडचा भाग कापला की चांगलं फूल उमटतं. रंग पिगमेंटचा आहे, तेव्हा पैठणी नेसून आलेल्यांनी पदर खोचून या. चहाच्या टेबलाशेजारी माझी हिशेबाची वही आहे. अकरा नावं लिहिलेली आहेत, प्रत्येकीसमोर दोन रकाने आहेत: नवी ओढणी किंवा ८५० रुपये. जिला जे हवं तिथे खूण करा. पैसे पाकिटात घालून आणले आहेत. ओढणीला मात्र वेळ लागेल, महिन्याला चारच होतात.